फलाटावरची माणसं

भोसरीच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये माझी सगळी नोकरी झाली आणि चिंचवडच्या आमच्या फ्लॅटमधली मागची खोली माझ्या छोट्या रेल्वेने खाल्ली. प्लायवूडवर रूळ, बोगदा, सिग्नल. दर काही वर्षांनी मी सगळं मोडायचो आणि नव्याने मांडायचो. रुळांचा जोड केसभर हलला तरी माझं डोकं फिरायचं. झाडं मात्र बायको करायची, भांडी घासायच्या हिरव्या घासणीची. माणसंही तीच करायची, काडेपेटीच्या काड्यांची.

एकदा तिने फलाटावरची सगळी माणसं रुळांकडे पाठ करून चिकटवली. मी भडकलो. "अगं, स्टेशन आहे हे! माणसं गाडीची वाट बघतात इथे!"

"अहो, ही आत्ताच उतरलीत. घरी निघालीत," ती म्हणाली. "वाट बघायला कुणाला ठेवायचं नाही."

मी ती माणसं तशीच ठेवली. माझी सेकंड शिफ्ट असली की कंपनीची बस दिसेपर्यंत ती गॅलरीतून हलायची नाही. बस उशिरा आली तर जेवायचीही नाही. मी रिटायर होईपर्यंत हे असंच चाललं.

ती गेली त्याला आता वर्ष होईल. परवा मी काड्यांचा एक म्हातारा केला. वाकडाच झाला, तिच्यासारखा हात मला नाही. त्याला फलाटाच्या टोकाला, गाडीकडे तोंड करून चिकटवला.

गाडी फिरून येते, त्याच्यासमोर थांबते. कुणी उतरत नाही. मग मी पुन्हा बटण दाबतो.