शब्द नसलेल्या अल्बमच्या नोट्स

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. पदवीचा कागद फ्रेम करून राजधानीतल्या आर. के. पुरमच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये टीव्हीच्या वर लावला आहे. आल्यागेल्याला तो दिसतोच. नाही दिसला तर मी दाखवते.

म्हणून मुलगी जेव्हा म्हणाली, "रहने दो आई, तुला नाही कळणार," तेव्हा ते मला लागलं.

ती कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. बाल्कनीत इयरफोन लावून बसली होती, डोळे लाल. विचारलं, कोणी काही बोललं का? तर म्हणे, अल्बम ऐकतेय. पोस्ट-रॉक म्हणतात त्याला. गायक नाही, शब्द नाहीत, चौघं जण नुसते वाजवतात. एकेक तुकडा दहा-दहा मिनिटांचा.

"शब्दच नाहीत तर रडतेस कशावर?"

यावर ती ते वाक्य म्हणाली. पूर्वी शाळेच्या बसमध्ये कोण कोणाशेजारी बसलं इथपासून सगळं मला सांगणारी ही मुलगी. हल्ली 'जेवलीस का' आणि 'हो' एवढ्यावर आमचं भागत होतं. 'तुला नाही कळणार' हे मी ऐकून घेतलं, तर उद्या ती 'हो'सुद्धा म्हणायची नाही.

"आठ दिवस दे," मी म्हणाले. "बी.ए.ला अर्थशास्त्र मला कोणी समजावून नव्हतं दिलं. घरात विचारायला होतं कोण? तरी पास झालेच ना?"

"आई, ही परीक्षा नाहीये यार."

पण तिने अल्बम माझ्या मोबाइलवर टाकला आणि तिचे जुने, वायरवाले इयरफोन दिले.

अभ्यासाची माझी पद्धत ठरलेली आहे. तीनदा वाचायचं, चौथ्यांदा लिहायचं. तसंच तीनदा ऐकलं. भाजी चिरताना, ऑफिसच्या बसमध्ये, डबा खाताना. गायक नाही असं सांगितलं होतं, तरी पहिल्या खेपेला मी त्याची वाट पाहिलीच. एवढी सगळी तयारी चालली आहे म्हणजे कोणीतरी येणार असेल, असं वाटत होतं. मग वही काढली.

'तुकडा पहिला : गिटार. तीन सूर, मग गप्प. पुन्हा तेच. वाजवणाऱ्याला घाई नाही.'

'तुकडा तिसरा : बराच वेळ जवळजवळ काहीच नाही. मोबाइल बंद पडला काय, ते पाहिले. पडला नव्हता.'

'तुकडा पाचवा : सगळे एकदम तुटून पडतात. बसमध्ये दचकले. शेजारच्या बाईंनी "सब ठीक है ना?" विचारले.'

नवरा वहीत डोकावून म्हणाला, "ऑडिट चाललंय का?"

"तुम्ही पेपर वाचा," मी म्हटलं.

रविवारी सकाळी, डाळीचा कुकर लावून, मी मुलीला स्वयंपाकघरात बोलावलं आणि सात पानं वाचून दाखवली. पाचव्यापर्यंत ती ओठ दाबून हसू आवरत होती. शेवटी निष्कर्ष होता : 'एक जण बोलतो, थांबतो, उत्तराची वाट पाहतो. उत्तर येत नाही. तरी तो पुन्हा बोलतो. ऐकणाऱ्याला रडू येते ते यामुळे असावे.'

तिचं हसू गेलं. "आई, हे तुला असं वाटलं?"

"वाटलं म्हणजे काय, ऐकलं मी."

"पण उत्तर येतं ना. दुसरं गिटार दर वेळी उत्तर देतं. बिल्कुल लगेच." मग तिला काय सुचलं कोण जाणे. "तू ऐकतेस कशी, दाखव जरा."

मी दाखवलं. एक टोक उजव्या कानात खोचलं आणि दुसरं ओढणीवर लोंबत सोडलं.

"आणि ते?"

"ते कशाला? कुकर कोण ऐकणार? दाराची घंटा? ऑफिसात साहेबांची हाक?"

ती फरशीवर बसूनच हसायला लागली. "आई, दोन गिटारं आहेत. एक या कानात वाजतं, एक त्या. आठ दिवस तू निम्मा अल्बम ऐकलास."

सात पानं. माझे कान गरम झाले. प्रश्नपत्रिकेची मागची बाजू न बघता पेपर देऊन यावं, तसं झालं होतं.

"मग निम्मे मार्क दे," मी म्हटलं.

"बस इथे. कुकर मी ऐकते. तीन शिट्ट्या ना?" तिने मला स्टुलावर बसवलं आणि लोंबणारं टोक उचलून स्वतःच्या हाताने माझ्या डाव्या कानात घातलं.

लग्नानंतर घरात माझे दोन्ही कान एकदम बंद झाले ते त्या दिवशी पहिल्यांदा. उजवीकडे तेच ओळखीचे तीन सूर वाजले. आणि मी जिथे 'गप्प' लिहिलं होतं तिथे, अगदी जवळून, डावीकडचं बोलायला लागलं. भांडत नव्हतं, समजूतही काढत नव्हतं. नुसतं 'हं, मग?' म्हटल्यासारखं. मी डोळे मिटून घेतले.

उघडले ते करपल्याच्या वासाने. मुलगी ओट्याला टेकून माझ्याकडे बघत होती.

"किती झाल्या?" मी वायर ओढून विचारलं.

"माहीत नाही. मी तुला बघत होते."

गॅस मीच बंद केला. डाळ गेली होती. बाहेरून नवरा ओरडला, "काय जळतंय?"

"अल्बम," मुलगी म्हणाली. मग कुकरकडेच बघत, हळू आवाजात, "त्या दिवशी मी नुसतं म्युझिक ऐकून रडत नव्हते."

"हं, मग?" मी म्हटलं.

तिने सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही. त्याच्या नोट्सही काढलेल्या नाहीत.