फळीवरची मेणबत्ती

लग्नानंतर जाफराबादजवळच्या एका गावात मी नांदायला गेले आणि तिथल्याच शाळेत सातवीपर्यंतचे विज्ञान शिकवू लागले. एकोणीसशे सत्तरनंतरची ती वर्षे. पती परगावी नोकरीला होते. घरात मी आणि सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणत असे. वर्गात चाळीस मुलांसमोर मी न अडखळता बोले. घरात मात्र ‘हो’ आणि ‘बरं’ यांपलीकडे माझ्या तोंडून फारसे काही निघत नसे. हे लिहायलाही मला इतकी वर्षे लागली, यावरून वाचकांना माझा स्वभाव कळावा.

दर संध्याकाळी आत्याबाई बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावून वंदना म्हणत. मूर्ती भिंतीतल्या लाकडी फळीवर होती. मेणाचे दोन थेंब फळीवर पाडायचे, त्यांत मेणबत्ती रोवायची आणि वंदना संपली की चुलीकडे वळायचे. मागे मेणबत्ती एकटी जळत राही. ती विझवण्याचा प्रश्नच नव्हता. धर्मांतराच्या वेळी घरातले सगळे देव त्यांनी स्वतःच्या हातांनी टोपलीत भरून नदीत सोडले होते. उपास, नवस, अंगारा, सारे सुटले होते. पेटत्या ज्योतीवर फुंकर घालू नये, एवढे मात्र मनातून गेले नव्हते. तेल सरले की दिवा आपोआप शांत होतो, तशीच मेणबत्तीही होईल, अशी त्यांची समजूत.

तशी ती होत नाही. मेण वितळते, वातीतून वर चढते, त्याची वाफ होते आणि जळते ती वाफ. शेवटच्या बोटभर तुकड्यात सगळेच मेण पातळ होते, वात कलंडते, आणि खाली लाकूड असेल तर तेही पेट घेऊ शकते. हे मी फळ्यावर आकृती काढून शिकवत असे. आणि त्या वर्षी, गाडी मिळेपर्यंत, आमचा हंगामाचा सगळा कापूस त्याच खोलीच्या आतल्या कोपऱ्यात रचलेला होता.

तरी मी बोलले नाही. आत्याबाई रागीट नव्हत्या. पण ‘जुने थोडे तुमच्यात उरले आहे’ असे त्यांना सुचवणे मला निष्ठुरपणाचे वाटे. इतके सोडलेल्या बाईला उरलेले कसे दाखवायचे? म्हणून मी सोपी वाट काढली. त्या चुलीपाशी गेल्या की मी ओल्या चिमटीत वात धरून मेणबत्ती विझवी आणि वह्या तपासायला बसे.

चार-पाच दिवसांनी, अर्धवट उरलेले तुकडे पाहून, आत्याबाईंनी ठरवले की दारातून वारा येतो. मी ‘हो’ म्हटले. त्यांनी मूर्ती उचलून फळीच्या आतल्या टोकाला, कापसाच्या अगदी वर, मांडली आणि वंदनेला उरलेल्या तुकड्यांतलाच एक लावला.

त्याच संध्याकाळी एका विद्यार्थिनीची आई दारात आली आणि मी तिच्याशी बोलण्यात गुंतले. जळक्या लाकडाचा वास आला तेव्हा आत धावले. फळीवर मेणाचे थारोळे पेटले होते आणि कडेकडे सरकत होते. आत्याबाई पाण्याचा तांब्या घेऊन पुढे झाल्या होत्या.

“आत्याबाई, पाणी नका टाकू,” मी इतक्या मोठ्याने म्हणाले की त्या थबकल्या. पेटत्या मेणावर पाणी पडले की ते जळतच चहूकडे उडते. मी हाताला लागलेले जर्मनचे, म्हणजे ॲल्युमिनियमचे, पातेले त्यावर पालथे घातले आणि दाबून धरले. दारातल्या बाईने तोवर कापूस बाजूला ओढायला सुरुवात केली होती. पातेले गार होईपर्यंत मी ते उचलले नाही. खाली फळी तळहाताएवढी काळी पडली होती.

ती बाई गेल्यावर आत्याबाई माझ्यासमोर बसल्या.

“तुला मालूम होतं, असं होतंय ते?”

मी मान हलवली. रोज विझवणारी मीच होते, वारा नव्हता, हेही सांगून टाकले.

“मंग बोलली कामून न्हाईस?”

“तुम्हाला वाईट वाटलं असतं.”

“दुसऱ्याच्या चाळीस लेकरायला सांगतीस,” त्या हळूच म्हणाल्या. “मलाच शिकता आलं नसतं व्हय?”

कापसापेक्षा त्यांना हेच जास्त लागले होते. मी ज्याला आदर समजत होते, त्यात त्यांच्याविषयीचा केवढा अविश्वास होता, हे मला तेव्हा कळले.

दुसऱ्या संध्याकाळी त्यांनी पितळी ताटलीत वाळू भरून मेणबत्ती तीत रोवली, कापसापासून दूर ठेवली आणि मला समोर बसवून पहिल्यापासून सांगायला लावले. वाफ जळते हे दाखवायचे, तर ज्योत आधी फुंकावी लागणार होती.

“फुंक तू. मी तिकडं पाहते,” म्हणत त्यांनी भिंतीकडे तोंड केले.

मी फुंकर घातली. वर निघालेल्या पांढऱ्या धुरात पेटती काडी धरताच ज्योत धुरावरून उतरून वातीला लागली.

“झालं?”

“झालं. पण तुम्ही पाहिलंच नाही.”

दुसऱ्या खेपेला त्यांनी बोटांच्या फटीतून पाहिले. तिसऱ्या खेपेला हात खाली घेतला. “बराबर,” त्या म्हणाल्या, “वाफच जळती.”

पुढे त्या ज्योतीवर वाटी पालथी घालून ती विझवू लागल्या. फुंकर त्यांनी स्वतः कधी घातली नाही, आणि मीही आग्रह धरला नाही. वाटी घालण्याआधी मात्र आतून हाक येई, “झाकू का गं?” मी अंगणात असले तर मान हलवून भागत नसे. उत्तर ऐकू येईपर्यंत त्या वाटी हातात धरून थांबत.