अ वरून पहिलं नाव

पक्षाघात झालेल्यांना पुन्हा चालायला-बोलायला शिकवणारं ते केंद्र होतं आणि तिथे दारालगतच्या टेबलावर बसणाऱ्या बाईंना सगळे यादीताई म्हणत. खाटा मोजक्या आणि खाटेसाठी ताटकळणारी माणसं भरमसाट, त्यांची यादी ताईंच्या कॉम्प्युटरवर. नवा अर्ज आला की नाव सगळ्यांत खाली लिहायचं, खाट रिकामी झाली की सगळ्यांत वरच्याला फोन करायचा. त्यात ना वशिला चालायचा ना रडारड. एका बड्या माणसाच्या मेव्हण्यालाही ताईंनी तळाशीच बसवलं होतं, आणि तो जाताना रागानं त्यांचं पेन घेऊन गेला होता.

"आमचा नंबर कितवा?" असा फोन आला की ताई त्या नावाच्या डावीकडचा आकडा वाचून सांगत. तो आकडा कॉम्प्युटर आपला आपणच दाखवतो, ताईंनी लिहिलेला नसतो. पण अर्जाची तारीख वेगळी लिहायची गरज त्यांना कधी वाटलीच नाही. ओळ म्हणजेच नंबर, इतकं ते सरळ होतं. फोन करणाऱ्यांत एका गवंड्याची बायको अगदी नेमाची. दर सोमवारी विचारायची, ऐकून घ्यायची, आभार मानून फोन ठेवायची. गेल्या सोमवारी तिचा नवरा पहिल्या नंबरावर आला होता.

ताईंच्या सासूबाईंचं नावही यादीत होतं. जन्मभर शिवणकाम करणारी बाई, बोटं आणि जीभ दोन्ही सारखीच चालायची. सुनेच्या पोळ्यांपासून माहेरापर्यंत कशालाही त्यांनी सोडलं नव्हतं. एके सकाळी उजवी बाजू गेली आणि तोंडातून एकेक शब्द ओढून काढावा लागू लागला. ज्या जिभेनं ताईंच्या नाकी नऊ आणले होते ती गप्प झाली, तर ताईंनाच घर खायला उठलं. डॉक्टर म्हणत, सुरुवातीचे महिने हातचे जाऊ देऊ नका. ताईंनी अर्ज भरला आणि नियमाप्रमाणे नाव तळाशी लिहिलं. ताईंनी नोकरीत माहेरचंच आडनाव ठेवलेलं, त्यामुळे हे केंद्रात कुणाच्या ध्यानात आलं नाही.

अशात केंद्राला नवे प्रमुख डॉक्टर आले. टापटिपीचं त्यांना भारी वेड. यादीत एक नाव शोधायला वेळ लागला म्हणून ते वैतागले आणि नावं अ पासून ज्ञ पर्यंत क्रमानं लावून टाका म्हणाले. ताईंनी लावली. नुसता नावांचा रकाना नाही, पूर्ण ओळी उचलून लावल्या, म्हणजे कुणाचा फोन नंबर भलत्याच्या नावापुढे जायला नको. एवढं आपल्याला सुचलं याचं त्यांना कौतुकच वाटलं. फाइल सेव्ह करून, बंद करून त्या जेवायला गेल्या.

जेवून येतात तोच डॉक्टर टेबलाशी उभे. उद्या सकाळी एक खाट रिकामी होतेय, पहिल्या नंबराला बोलावून घ्या, एवढं सांगून ते तिथेच फोनवर कुणाशी तरी बोलत राहिले. ताईंनी फाइल उघडली. सगळ्यांत वर सासूबाई. अ वरून सुरू होणारं एकच नाव यादीत, ते त्यांचं. ह वरून सुरू होणारा गवंडी पार तळाला. केलेलं मागे घेण्याचं बटण त्यांनी दोनदा दाबून पाहिलं. बंद करून उघडलेली फाइल, ती काय मागे जातेय.

डॉक्टरांनी वाकून पडद्याकडे पाहिलं. "या का पहिल्या? मग लावा फोन."

"लावते," ताई म्हणाल्या.

आपण हे काय बोललो ते त्यांना कळलं होतं. न कळण्याइतक्या त्या भोळ्या नव्हत्या. पण मनाला पळवाट हवी असली की ती सापडतेच. मी कुठे काय केलं, डॉक्टरांनीच लावायला सांगितलं. इतकी वर्षं दुसऱ्यांची नावं लिहिली, एकदा आपल्या माणसाचं वर आलं तर आभाळ कोसळतं का? त्यांनी घरी फोन लावला. नवऱ्याची बेकरीतली पहाटेची पाळी, दुपारी तो घरीच असे. खाट मिळाली म्हटल्यावर त्याचा विश्वासच बसेना. मग तो आईला ओरडून सांगायला लागला आणि पलीकडून सासूबाईंचा आवाज आला. शब्द नव्हता तो, पण आनंद होता, आणि तो ऐकून ताईंना भरून आलं.

त्यांनी फोन ठेवला. डॉक्टर निघून गेले होते. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. सोमवार होता. गवंड्याची बायको बोलत होती, नेहमीसारखंच हळू.

"ताई, गेल्या वेळी पहिला म्हणाला होतात. आहे ना अजून पहिलाच?"

खोटं बोलायचीसुद्धा गरज नव्हती. तळाच्या ओळीपुढचा आकडा वाचला असता तरी काम भागलं असतं, आणि ती बाई आभार मानून फोन ठेवती. तेच ताईंना सहन होईना. ही भांडणारी असती, मेव्हण्यासारखी पेन पळवणारी असती, तर कदाचित निभावून गेलं असतं. पलीकडून तिनं विचारलं, "ऐकू येतंय ना?"

"येतंय," ताई म्हणाल्या. "उद्या सकाळी त्यांना घेऊन या. खाट तुमची आहे."

मग त्या तडक डॉक्टरांच्या खोलीत गेल्या आणि यादी कशी मोडली, वर आलेलं नाव कुणाचं, सगळं सांगून टाकलं. घरी फोन केला तेही. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला, यादीत तारखेचा रकाना करा म्हणाले, आणि यापुढे फोन करण्याआधी मला दाखवा असंही म्हणाले. ते ऐकताना ताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. कपाटातले अर्ज काढून त्यांनी पुन्हा तारखेनं यादी लावली. सासूबाईंचा नंबर सतरावा लागला.

घरी परत फोन करायचा धीर त्यांना झाला नाही. संध्याकाळी दार उघडलं तर दाराशीच बॅग भरून ठेवलेली. सासूबाई धुतलेलं पातळ नेसून खुर्चीत बसल्या होत्या, केस विंचरलेले, डाव्या हातानं विंचरल्यामुळे भांग वाकडा. नवरा चहा टाकायला उठला. ताईंनी त्याला थांबवलं आणि बूड न टेकताच सगळं सांगितलं. तो फणकारून म्हणाला की घरचं माणूस मरतंय आणि तू गावाचा न्याय करत बसलीस. ताईंनी ऐकून घेतलं. त्या सासूबाईंच्या पायाशी बसल्या, त्यांचा लुळा हात हातात घेतला. व्यायाम मी रोज घरी करून घेईन, सतरावा नंबरही येईल, असं काहीबाही त्या बोलत राहिल्या.

सासूबाईंनी डाव्या हातानं आपला उजवा हात उचलला आणि मांडीवर परत नेऊन ठेवला. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. आजारपणानंतर एवढं लांब वाक्य त्या पहिल्यांदाच बोलत होत्या.

"मग... मला... आधी... का... सांगितलंस?"