तुरीत लावलेले आलू

हरलेल्याच्या शेजारी कोण उभं होतं, हे तुम्ही कधी विचारता का? आमच्या गुडीहत्नूरची काकू विचारायची. कोणाचा पोरगा नापास होवो, कोणाची सून माहेरी जावो, पदर कमरेला खोचून तिचा पहिला सवाल हाच, "पयले सांग, शेजारी कोन होतं?" स्वतःची भाजी खारट झाली तरी दोष शेजारणीच्या बडबडीचा. ती शेजारीण मी. आमचा मळा तिच्या मळ्याला लागून.

काकूकडे लाल सालीचा आलू होता. झाड बुटकं, आलू घट्ट. सासूकडून आलेलं हे बी ती उन्हाळाभर घरात वाळूत जपायची आणि मागेल त्याला द्यायची. बाजारात दुसऱ्याचा आलू मात्र नाक मुरडूनच उचलायची.

एकदा ए.पी. नंबरच्या जीपमधून शेतीखात्याचे एक साहेब आले. काकूच्याच मळ्यात वाणांची तुलना करायची आणि जो जास्त पिकेल त्याची शिफारस करायची, असं ठरलं. पहिल्या दिवशी त्यांनीच आम्हाला समजावलं की उंच झाड शेजारच्याचं ऊन-पाणी ओढतं. म्हणून प्रत्येक वाणाच्या चार ओळी लावायच्या आणि मधल्या दोनच मोजायच्या. मग जागा पुरेना, तेव्हा त्यांनीच एकेक ओळ लावली. काकूच्या आलूच्या दोन्ही अंगांना त्यांचा लाडका, उंच, पसरट वाण. ती रोज त्या फांद्या हाताने मागे सारायची. सकाळी त्या पुन्हा अंगावर.

लाल आलू सगळ्यांत कमी भरला. काकूने साहेबांना त्यांचाच नियम ऐकवला. साहेब हसले, शिफारस नाही म्हणाले आणि जीपमध्ये बसले. वर्षभरात गावाने लाल आलू सोडला.

काकू रडली नाही. पुढच्या हंगामात साहेबांचा वाण तिने डोक्याइतक्या उंच तुरीच्या दोन ओळींमध्ये लावला. आलू निघाले बोरांएवढे. साहेब गावात आले तेव्हा त्यांना मानाने जेवायला बसवून तिने तेच वाढले. हा कुठला आलू, असं त्यांनी विचारलं.

"तुमाराच हाय साब. तूर के बाजू में लगाया."

साहेब मान खाली घालून जेवले. ओसरीवर सगळे हसले, मी सगळ्यांत मोठ्याने. साहेबांनी शिफारस मात्र बदलली नाही.

ते गेल्यावर काकू उरलेले बारके आलू ओंजळीत घेऊन बसली. "यायनं काय बिघडवलं होतं माह्यं? उगाच छळलं मी यायले."

काकूने त्या आलूंचीही माफी मागितली. साहेबांनी तिची मागितली नाही. ती गेली त्याला दोन हिवाळे झाले, ते अजून खुर्चीवर आहेत, आणि मी त्यांना माफ केलेलं नाही.

तिचं बी माझ्याकडे वाळूत आहे. या, घेऊन जा. साहेबांच्या वाणाशेजारी लावा, दोघांच्या चार-चार ओळी, आणि मधल्या दोनच खणा. लाल कमी भरला तर मी मानेन, काकूनेही मानलं असतं. पण दोन्ही टोपल्या उचला, साहेबांच्या ऑफिसच्या पायरीवर न्या आणि त्यांना बाहेर बोलावून त्यांच्यासमोर तोला.