पडद्यावर बाकी एक

जुन्नरच्या जुन्या बाजारपेठेत, भांड्यांच्या दुकानावरच्या माडीवर माझा संगणकाचा क्लास आहे. सी ही प्रोग्रामिंगची जुनी भाषा शिकायला आता फारसं कुणी येत नाही. जे येतात त्यांना महिन्याभरात मोबाइलचं ॲप करायचं असतं, आणि मी त्यांना जुनाट वाटतो. वाटू दे. थ्रेडचा धडा आला की माझा सहायक दत्ता उठतो, जिना उतरतो आणि धडा संपेपर्यंत खाली चहाच्या टपरीवर बसून राहतो. पोरं विचारतात, दत्ता सर कुठं गेले? मी त्यांना फळ्याकडे बघायला सांगतो.

दत्ता शिनोलीच्या पुढच्या एका वाडीचा. वाडीपासूनही वर, डोंगराच्या अंगाला त्यांचं एकच घर. बाप बिरदेव मेंढरं राखायचा. तो गेल्यावर मेंढरं विकली आणि दत्ताच्या आईनं, म्हाळसाबाईनं, दोन म्हशी घेतल्या. रोज सकाळी डोक्यावर दुधाची किटली घेऊन ती ओढ्याच्या वाटेनं वाडीतल्या डेअरीवर यायची. पोरानं जुन्नरला खोली घेतली, तिला चल म्हणाला, तर म्हणाली, "म्हशी काय तुज्या खोलीत बांधू?" आणि राहिली एकटी. फोन घेऊन दिला तर तो पिठाच्या डब्यात ठेवायची, हरवू नये म्हणून.

मला हुशार पोरांचा राग येतो, कारण ती ऐकून घेत नाहीत. दत्ता ऐकून घ्यायचा. मान डोलवायचा, हो सर म्हणायचा, आणि मग त्याला हवं तेच करायचा. त्याचाही मला राग यायचा. पण इतकं स्वच्छ सी लिहिणारं दुसरं पोरगं या माडीवर आलं नाही, हे मी तेव्हाही म्हणत होतो आणि आजही म्हणतो.

त्यानं वाडीच्या डेअरीसाठी एक मशीन केलं. पुठ्ठ्याच्या खोक्याएवढं, वर दोन ओळींचा छोटा पडदा. वजनकाटा आणि फॅटचं यंत्र त्याला जोडलेलं. माणसानं आपला नंबर दाबला की दूध मोजायचं, फॅट बघायचं, नोंद करायची, पावती द्यायची. सकाळी डेअरी उघडली की प्रोग्राम प्रत्येक गवळ्याच्या नावानं एक थ्रेड सुरू करायचा. थ्रेड म्हणजे एकाच प्रोग्रामच्या पोटात एकाच वेळी चालणारं स्वतंत्र काम. मी म्हणालो, "अरे, इतके थ्रेड कशाला? एक थ्रेड, एक रांग, काम झालं." तर म्हणाला, "सर, जो तो आपापल्या वेळंला येतो. ज्याचं त्याचं काम ज्याच्या त्याच्या नावानं चालू द्या की." हो सर म्हणाला आणि तसंच ठेवलं.

पहिल्या आठवड्यात घोळ झाला. प्रोग्रामचा मुख्य भाग म्हणजे कारभारी. कारभारी निघून गेला की हाताखालचे सगळे थ्रेड जिथल्या तिथं मरतात. अर्धं लिहिलेलं अर्धंच राहतं. डेअरी बंद करताना शेवटच्या दोनचार जणांच्या नोंदी अशाच गायब व्हायच्या आणि बाया डेअरीवाल्या भगवंतशी भांडायच्या. मी दत्ताला म्हणालो, जॉइन कुठाय तुझा? जॉइन म्हणजे कारभाऱ्यानं प्रत्येक थ्रेडला म्हणायचं, तुझं संपेपर्यंत मी थांबतो. त्यानं जॉइन घातला. नोंदी जायच्या थांबल्या.

मग दुसरंच सुरू झालं. सगळे येऊन गेले, डेअरी रिकामी झाली, तरी पडद्यावर 'बाकी १' दिसायचं. कारभारी थांबलेलाच. तो सुटल्याशिवाय दिवसाची बेरीज निघायची नाही, बेरजेशिवाय टँकर हलायचा नाही. टँकरवाला हॉर्न मारून मारून डोकं उठवायचा. कुठला तरी थ्रेड झोपेत अडकत होता. दूध मोजून झाल्याचा इशारा तो झोपायच्या आधीच येऊन जायचा, आणि मग तो बिचारा एकदा येऊन गेलेल्या इशाऱ्याची वाट बघत पडायचा. वाडीत चेष्टा व्हायला लागली. दत्ताचं मशीन रवंथ करतंय म्हणायचे. शेवटी डेअरीच्या चेअरमननं निरोप पाठवला, आणखी एकदा अडकलं तर उचलून न्यायचं.

हे मशीन त्याच्यासाठी काय होतं ते सांगायला हवं. पुण्यात दोन ठिकाणी मुलाखती देऊन तो हात हलवत परत आला होता. हे एक मशीन टिकलं तर शेजारच्या वाड्या घेणार होत्या, आणि त्याला वाडीतच, आईजवळ राहून काम करता येणार होतं. म्हाळसाबाई तर डेअरीवर येणाऱ्या प्रत्येकीला सांगायची, "माज्या दत्तूनं केलंय ते." मशीन अडकलं की बाकीच्या हसायच्या आणि ती पदर सावरत निघून जायची. दत्ताला ते कळलं होतं.

रविवारी आम्ही दोघं माडीवर बसलो. झोपायच्या आधी इशारा येऊन गेलाय का ते कुलूप लावून, म्हणजे मधेच दुसऱ्या थ्रेडला हात घालू न देता, तपासायचं, आणि उठल्यावर पुन्हा तपासायचं, एवढंच हवं होतं. त्यानं ते केलं. मी ओळन् ओळ वाचली. चूक उरली नव्हती. मी त्याला तसं सांगितलं, आणि मी असं कुणाला सहसा सांगत नाही.

सोमवारी सकाळी तो नवा प्रोग्राम घालून आला. मंगळवारी मशीन नीट चाललं. बुधवारी तो स्वतः डोळ्यांनी बघायला पहिल्या एसटीनं घोडेगावला आणि तिथून भीमाशंकरच्या गाडीनं शिनोलीला गेला. डेअरीवर पोहोचला तेव्हा गर्दी ओसरत आली होती.

त्या डेअरीवर माणसं रांगेत उभी राहत नाहीत, किटल्या राहतात. आपली किटली ओळीत ठेवायची आणि गवताचा भारा टाकून यायचं, पोराला शाळेत सोडून यायचं. ओळीतली शेवटची किटली उचलली गेली की डेअरी संपली. कोण आलं, कोण नाही हे भगवंतही वेगळं मोजत नाही. पिढ्यान् पिढ्यांचा हिशेब आहे तो, आणि कधी चुकत नाही. एखादा येणार नसला तर आदल्या दिवशी सांगून जातो, मग भगवंत मशीनवर त्याच्या नंबरापुढं 'आज नाही' दाबतो.

त्या दिवशी शेवटची किटली उचलली गेली. भगवंतनं फडकं मारलं. पडद्यावर 'बाकी १'.

"दत्ता, आलं बघ परत तुजं दुखणं," भगवंत म्हणाला.

"समदे आले व्हते का, भाऊ?"

"ओळीत किटली दिसती का तुला एक तरी? समदे येऊन गेले."

दत्तानं ओळ बघितली. ओळ रिकामी होती. पडदा सांगत होता की एकजण यायचा आहे, ओळ सांगत होती की कुणी यायचं नाही. त्यानं ओळीवर विश्वास ठेवला. कुणीही ठेवला असता. त्या पडद्यानं आधी इतक्या वेळा खोटं सांगितलं होतं.

चेअरमन येऊन कपाळाला हात लावून गेले. भगवंतनं हातानं बेरीज करून टँकर लावून दिला. दत्ता लॅपटॉप उघडून डेअरीच्या पायरीवर बसला आणि प्रोग्राम वाचायला लागला. कुलूप बरोबर होतं. इशारा बरोबर होता. त्यानं पुन्हा वाचलं. ऊन पायरीवर आलं तसा तो आत सरकला. भगवंत म्हणाला, घरी जा, आई वाट बघत असंल, भाकरी खाऊन ये. दत्ता म्हणाला, एवढं धरलं की जातोच. आई दूध घालून केव्हाच वर गेली असं तो धरून चालला होता. मशीन परत अडकलं हे तिला कुठल्या तोंडानं सांगू, म्हणूनही जात नव्हता. हे त्यानंच मला नंतर सांगितलं.

अडकलेला थ्रेड कुठला, हे आधी बघायला हवं होतं. पडद्यावर आकड्याऐवजी नाव दाखवायला चार ओळी जास्त लागल्या असत्या. या गोष्टी मी रागानं पोरांना शिकवतो, आणि शिकवताना माझा आवाज चढतो. पण ज्याला आपलीच चूक असणार अशी खात्री असते, तो दुसरीकडे बघत नाही. दत्ताला तशी खात्री होती.

दुपार कलल्यावर, सगळं वाचून थकल्यावर त्यानं चालू थ्रेडची यादी काढली. एकच थ्रेड उरला होता. तो अडकला नव्हता. त्याचा नंबर कुणी दाबलाच नव्हता आणि तो दुधाची वाट बघत होता. नंबर म्हाळसाबाईचा होता.

तो लॅपटॉप तसाच टाकून उठला. भगवंतही मागं धावला.

ओढ्याच्या उताराला, जिथं पायाखालचा दगड निसटतो, तिथं ती पडली होती. किटली खाली पाण्यात गेली होती. डोक्याला मार होता आणि दिवसभराचं ऊन अंगावर होतं. श्वास चालू होता. झोळी करून वाडीवर आणली, जीपमध्ये घातली. घोडेगावच्या अलीकडे, दत्ताच्या मांडीवरच ती गेली. डॉक्टरनं बघितलं आणि विचारलं, पडली कधी? सकाळी, असं कळल्यावर तो म्हणाला, सकाळीच आणायची की रे. त्या डॉक्टरला मी आजही मनातल्या मनात शिव्या देतो, आणि त्याचं काही चुकलं नव्हतं हेही मला कळतं.

दिवसकार्य झाल्यावर भगवंतचा फोन आला. चेअरमननं मशीन उचलायला सांगितलं नव्हतं. पण रोज सकाळी म्हाळसाबाईच्या नंबरापुढं 'आज नाही' दाबावं लागत होतं आणि ते भगवंतच्यानं होत नव्हतं. तो नंबर कायमचा काढून दे, म्हणाला. वाडीत ते दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. मी म्हणालो, मी काढतो. दत्ता नको म्हणाला.

मी त्याच्यासोबत गेलो. डेअरी उघडायच्या आधी, मुंडण केलेल्या डोक्यावर टोपी घालून तो मशीनपुढं बसला आणि यादीतून आईचा नंबर काढला. मग आम्ही बाकावर बसून राहिलो. बाया आल्या. किटल्या ओळीत लागल्या. एकेक किटली ओळीतून उचलली गेली. शेवटची उचलली तशी पडद्यावर 'बाकी ०' आलं आणि लगेच बेरजेची चिठ्ठी बाहेर आली. टँकरला एकदाही हॉर्न मारावा लागला नाही.

भगवंतला बिचाऱ्याला काहीतरी बरं बोलायचं होतं. तो म्हणाला, "दत्ता, आज अडकलं न्हाई बघ."

दत्ता म्हणाला, "त्या दिवशी बी अडकलं नव्हतं, भाऊ."