झाडूवालीची बातमी

गोंदियातल्या आमच्या दैनिकाच्या एक वार्ताहर बाई फुलचूरला राहायच्या. व्हॉट्सअ‍ॅप आल्यापासून बातम्या त्यांच्याआधीच कार्यालयात पोचायच्या. तरी बाई प्रत्येक मेसेज मोठ्यानं वाचून विचारायच्या, "पाह्यलं कोनं?" उत्तर मिळालं नाही, की स्कूटीची चावी उचलायच्या.

एका दुपारी ग्रुपवर फोटो आला, कुडव्यात पोरं पळवणारी बाई सापडली म्हणून. इतर दैनिकांनी तो फेसबुकवर टाकलाही होता.

मी म्हणालो, "आपणही टाकू, नाहीतर मागं पडू."

"पडू द्या ना भाऊ. मी जाऊन राहिली."

तासाभरानं त्यांचा फोन आला. ती बाई झाडू विकणारी होती आणि लोकांनी तिला एका दुकानात कोंडलं होतं. बाईंनी तिच्याकडून दरवर्षी झाडू घेणाऱ्या तिघी गोळा केल्या. त्यांनी तिला ओळखलं, तेव्हा कुठं गर्दी पांगली.

"फोटो काढला?" मी विचारलं.

"काढला ना. त्या तिघींच्या मधात बसवून."

दुसऱ्या दिवशी तोच फोटो पहिल्या पानावर छापला. झाडूवाली अजूनही कुडव्यात येते. अनोळखी दारात झाडू दाखवण्याआधी ती पदराखालून ते कात्रण काढते.