बास्केटबॉल न खेळलेल्या मुलीची क्रमवारी

सोलापुरातल्या एका कॉलेजात मी संख्याशास्त्र शिकवते. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला प्रत्येकाला एक प्रकल्प करावा लागतो आणि बहुतेक जण कांद्याचा भाव नाहीतर पाऊस घेतात. एका वर्षी मंद्रूपहून एसटीने येणारी एक मुलगी म्हणाली, "मॅडम, कांद्याचा भाव घरात रोजच ऐकते. मला दुसरं कायतरी करू द्या की."

तिला अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल खेळाडूंची आकड्यांवरून क्रमवारी लावायची होती. "तू खेळतेस का?" मी विचारलं. तिने बॉल कधी हातातही धरला नव्हता. पण प्रत्येक सामन्यातल्या प्रत्येक खेळाडूचे ढीगभर आकडे फुकट बघायला मिळतात, हे तिला मोबाइलवर सापडलं होतं. मी हो म्हटलं, जरा नाखुशीनेच.

पहिली यादी महिन्याभरात आली. जो जास्त गुण करतो तो वर. "हे तर कुणीही करेल," मी म्हटलं. ती यादी उचलून घेऊन गेली. काही दिवसांनी परत आली ती प्रश्न घेऊन. एक खेळाडू गुणांच्या यादीत पार तळाला होता. पण तो मैदानात असला की त्याचा संघ आघाडी घ्यायचा आणि तो बाकावर बसला की मागे पडायचा.

"मॅडम, हा माणूस बास्केटकडं बॉल टाकतच न्हाय. मग संघ जिंकतो कशानं?"

मला उत्तर माहीत नव्हतं आणि मी तसं सांगितलं.

मग ती एसटीत येता-जाता त्याचे सामने बघू लागली. तेवढ्यावर समाधान होईना, म्हणून एका संध्याकाळी कॉलेजच्या मुलींच्या सरावाला गेली आणि मला पाच मिनिटं आत घ्या म्हणाली. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आली तेव्हा खांदा धरून होती, पण चेहरा खुललेला.

"तो नुसता आडवा उभा राहतो, मॅडम. अडवायला धावत येणारा त्याच्यावर आदळतो आणि तेवढ्यात ह्याचा साथीदार मोकळा होतो. लई लागतं. पण ह्या कामाला तक्त्यात कुटंच रकाना न्हाय."

तिने सगळी यादी मोडून नव्याने लावली. कोण मैदानात असताना संघाचं काय होतं, यावरून. इतकी वर्षं शिकवतेय. स्वतःचं तयार काम असं न कुरकुरता मोडणारं कुणी मी पाहिलं नव्हतं.

तोंडी परीक्षेला बाहेरून एक परीक्षक आले होते. ते तरुणपणी बास्केटबॉल खेळलेले निघाले. यादी बघून त्यांनी भुवया चढवल्या. एक गाजलेला खेळाडू बराच खाली होता आणि तो आडवा उभा राहणारा वर.

"हे चुकलंय," ते म्हणाले. "हा वरचा कायम त्याच्या संघातल्या दुसऱ्याच एका मोठ्या खेळाडूच्या जोडीनेच खेळतो. त्याचं श्रेय तू याला देतेस."

मला धास्ती वाटली, कारण शंका रास्त होती. तिने शांतपणे पान उलटलं. "मोठा खेळाडू जखमी होता तेव्हाचे सामने वेगळे काढलेत, सर. ते थोडेच हायेत. म्हणून याला ठरावीक असा एकच नंबर दिला न्हाय. तिसरा ते नववा, यात कुटंतरी, असं लिहिलंय."

"मग याला क्रमवारी कशी म्हणायची?"

"जेवढं कळलं तेवढंच लिहिलं, सर. न कळलेलं कसं लिहू?"

त्यांनी चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली आणि उरलेला प्रकल्प पहिल्या पानापासून तिच्याबरोबर वाचला. बाहेर बाकीची मुलं ताटकळत होती. जाताना त्यांनी मला तिच्या अहवालाची एक प्रत मागितली.

ती आता पुण्यात एम.एस्सी. करते. मी वर्गात 'अंदाजाची मर्यादा' वर्षानुवर्षं व्याख्येसारखी फळ्यावर लिहून देत आले होते. हल्ली प्रत्येक उत्तराखाली मुलांना लिहायला लावते, की यातलं आपल्याला खात्रीने किती माहीत आहे. मुलं कुरकुर करतात. काही जण मात्र पेन थांबवून खरंच विचार करताना दिसतात.